बेनेटला मार्क देताना

कोच पारखायचा असेल तर मी सामन्याच्या व्हिडिओचा आवाज बंद करतो आणि चेंडूकडे बघणं सोडून देतो. चेंडूपासून सगळ्यात लांब उभा असलेला बचावपटू काय करतोय, तिथे कोच दिसतो. व्हर्जिनिया विद्यापीठाचा माजी बास्केटबॉल कोच टोनी बेनेट याचे सामने असे बघण्यासारखे आहेत.

त्याचा ‘पॅक-लाइन’ बचाव मूळ वडिलांचा, डिक बेनेट यांचा. रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा. चेंडूवाल्याला एकाने भिडायचं, बाकी चौघांनी रेषेच्या आत राहायचं. मधला पास उडवायला झेपावायचं नाही. पास सुटला की चौघं एका दोरीत ओवल्यासारखे सरकतात, आणि पावलं चेंडू हवेत असतानाच निघतात. लांबचा गडी रिंगजवळच्या उंच खेळाडूला दुहेरी अडवून पुन्हा आपल्या माणसाकडे पळतो. टाळी त्याला कुणी देत नाही. बड्या नावांच्या मागे न धावता पोरं तीन-चार वर्षं घडवली तरच हे जमतं, आणि इथे बेनेटला मी पैकीच्या पैकी मार्क देतो.

मग १६ मार्च २०१८ चा सामना लावतो. ३१ विजय, २ पराभव अशा थाटात आलेल्या अव्वल मानांकित व्हर्जिनियाला १६व्या मानांकित यूएमबीसीने ७४-५४ असं लोळवलं. पुरुषांच्या एनसीएए या महाविद्यालयीन स्पर्धेत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. मध्यंतराला २१-२१. उत्तरार्धात यूएमबीसीचे ५३ गुण, म्हणजे व्हर्जिनिया त्या मोसमात एका अख्ख्या सामन्यात जेमतेम देत असे तेवढे. त्यांचा जायरस लाइल्स पहिल्या बचावपटूला चकवून सरळ आत घुसतो, मदतीला माणूस आत ओढला जातो, बाहेरच्याला थ्री-पॉइंटर मोकळा. यूएमबीसीचे २४ पैकी १२ पडले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. बेनेट स्वतः कॉलेजात ४९.७ टक्क्यांनी थ्री टाकायचा, हे आठवून हसावं की रडावं कळत नाही.

व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता, हे खरं. पण माझा आक्षेप गतीवर आहे. बेनेटचा संघ देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक होता. सामन्यात चढाया ६० च्या आसपास. चढाया जितक्या कमी, तितकं दुबळ्या संघाचं नशीब फळफळायला वाव जास्त. शिवाय दहा-बारा गुणांची पिछाडी भरून काढायची त्यांना सवयच नव्हती. घाईने टाकलेले शॉट त्या रात्री परक्या हातांचे वाटतात.

पुढच्या वर्षी १६व्या मानांकित गार्डनर-वेबविरुद्ध पहिल्या सत्रात पुन्हा १४ गुणांची पिछाडी. या वेळी मात्र ७१-५६ ने जिंकले, आणि शेवटी टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ हरवून विजेतेपदही. बचाव तोच होता. चढाईत मात्र चेंडूवाल्यासाठी स्क्रीन (बचावपटूची वाट अडवणारा आडोसा) लावण्याचं प्रमाण वाढवून त्याने टाय जेरोमला मोकळीक दिली होती. स्वभावाला मुरड घालणारा कोच क्वचितच भेटतो. अर्थात नशिबाचा वाटा वजा करायला हवा: ऑबर्नविरुद्ध जेरोमचा डबल ड्रिबल पंचांनी पकडला नाही, आणि ०.६ सेकंद उरले असताना काइल गायने तिन्ही फ्री थ्रो टाकल्यावर ६३-६२.

त्याच स्पर्धेत पर्ड्यूविरुद्ध जादा वेळ मिळाला तो नवख्या किहेई क्लार्कमुळे. मागे उडालेला चेंडू पळत जाऊन पकडला आणि घाबरून स्वतः न टाकता त्याने ममादी डियाकिटेला लांब पास दिला. २०२३ मध्ये तोच क्लार्क, आता संघातला सर्वांत अनुभवी, फर्मनविरुद्ध शेवटच्या क्षणी कोंडीत सापडला आणि चेंडू भिरकावून बसला. ६८-६७ ने हरून घरी. पहिल्याचं श्रेय कोचला द्यायचं तर दुसरंही त्याच्याच खात्यावर. मी दोन्ही मांडत नाही.

मांडतो ते एवढंच: २०१९ नंतर या स्पर्धेत बेनेट एकही सामना जिंकला नाही. २०२४ मध्ये कोलोरॅडो स्टेटविरुद्ध ६७-४२ अशी हार. बचाव ठीकठाकच होता. ४२ गुणांत कुठलाच बचाव पुरत नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर असताना, तो निवृत्त झाला.