सीमाभागातील इंग्रजीची शाळा

इंग्रजी शब्द केवळ पुस्तकांतूनच शिकावे लागतात असे नाही. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात राजकारणाची चर्चा हीदेखील एक शाळाच ठरली आहे. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत ‘कमिशन’ म्हणजे दलाली. परंतु १९६६ साली केंद्र सरकारने सीमाप्रश्नासाठी निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचे ‘कमिशन’ नेमले, तेव्हा त्याच शब्दाचा ‘आयोग’ हा दुसरा अर्थ घरोघरी पोहोचला. १९६७ साली आयोगाचा ‘रिपोर्ट’ आला. निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव मात्र तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावे, असे त्यात म्हटले होते.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. ‘रेकमेंडेशन’ म्हणजे शिफारस. ‘डिसिजन’ म्हणजे निर्णय. कर्नाटक हा अहवाल अंतिम मानते, महाराष्ट्राने तो नाकारला. पुढे २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात ‘सूट’ दाखल केला. हा सूट अंगात घालावयाचा नव्हे. तो दावा होय.

कोणतीच बाजू न घेणाऱ्यास इंग्रज ‘ऑन द फेन्स’, म्हणजे कुंपणावर बसलेला, म्हणतात. कुंपणापाशीच ज्यांचे घर आहे, त्यांना शिफारस कोणती आणि निर्णय कोणता हे नेमके ओळखता आलेच पाहिजे. अन्यथा दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते.