पन्हळीखालची भिंत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराला मागच्या अंगाने स्लॅबचं न्हाणीघर जोडलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल धरली. गवंड्याने सिमेंटचा जाड गिलावा करून दिला. वर्षभरात ओल कमरेच्या वर चढली आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागले. आतला जांभ्याचा चिरा बोटाने खरवडला तरी भुगा पडत होता. शंभर वर्षं उभी राहिलेली भिंत आम्ही जोडकामाने आजारी पाडली होती. त्याची बोच मला अजून आहे.

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. तासता येतो, आणि उघड्यावर वाळला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. ‘लेटर’ म्हणजे लॅटिनमध्ये वीट. हा दगड सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो थोडीफार ओढतोच. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून उन्हात सुकते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग पाणी आतच राहून वर चढतं. त्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगड पिंजला जातो. आम्ही भिंतीभोवती अंगणात कोबाही घातला होता. त्यामुळे जमिनीतून उडून जाणारी वाफसुद्धा भिंतीकडेच वळली.

पण मुळातलं पाणी आलं वरून. उतरत्या कौलांचा पाऊस सपाट स्लॅबच्या कडेला येऊन पडायचा. तिथे पत्र्याची पन्हळ बसवली होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात अशी पन्हळ म्हणजे घराच्या कुशीत वाहता ओहोळ. आंब्या-फणसाचा पाला अडकला की पाणी थेट भिंतीत उतरतं.

पूर्वजांनी घर वाढवलं नव्हतं असं नाही. उलट घर वाढत जाईल हे धरूनच ते बांधलेलं असे. मधोमध माजघर, आणि गरज लागेल तशी पुढे, मागे, बाजूला पडवी. वासे पुढे न्यायचे, रीप ठोकायचे, कौलं चढवायची. उतार एकच राहिल्यामुळे दोन छपरांमध्ये पाणी साचायला जागाच उरत नसे. मर्यादा एकच, दर वाढीला वळचण खाली येते आणि शेवटच्या पडवीत शिरताना डोकं वाकवावं लागतं. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली एकमेकांत अडकणारी कौलं कोकणात आल्यावर छपराला सरळ वासे आणि मापातले रीप लागू लागले. पण पडवीची रीत तशीच राहिली.

आम्ही शेवटी सिमेंट उतरवलं. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. शेजारपाजारचे हळहळले; ती दिसतच तशी होती. मग भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू घालून पातळ थर दिले आणि प्रत्येक थर कित्येक दिवस ओलसर ठेवला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. या कामाला घाई चालत नाही. हे काम जाणणारा गवंडी शोधण्यातच दोन महिने गेले.

स्लॅब पाडला. न्हाणीघर चार हात लांब, स्वतंत्र चौथऱ्यावर उभं केलं आणि मधल्या वाटेवर छोटं कौलारू छप्पर घेतलं. त्याचा उतार घराकडे नाही, बाहेर आहे. रात्री जाताना कधी पावसाचे शिंतोडे अंगावर येतात. माजघराची भिंत मात्र गेले तीन पावसाळे कोरडी आहे.