व्हॅन घ्यावी, पण वहीत हिशेब मांडून

सुगी आटोपते, उसाचे नाही तर सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि घरात विषय निघतोच. थोरला म्हणतो, "आबा, औंदा व्हॅन घेऊ. दूध डेअरीला जाईल, भाजी बाजाराला जाईल, आईला दवाखान्यात न्यायला कुणाची विनवणी नको." त्याचे म्हणणे खोटे नाही. अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायची वेळ आली, की दाराशी उभ्या गाडीचे मोल कळते. पण बैल रिकामा उभा राहिला तरी वैरण खातोच, गाडीचेही तसेच आहे.

आपल्याकडे व्हॅन म्हटले की मारुतीचीच गाडी डोळ्यांपुढे येते. 1984 साली ती आली. 1988 साली तिला ओम्नी हे नाव मिळाले. मारुती 800 मोटारीसारखेच 796 सी.सी.चे इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेले, त्यामुळे मागे भरपूर जागा. दरवाजे सरकते, म्हणून अरुंद बोळातही माल चढवता येई. सुरक्षिततेचे नवे नियम आल्यावर 2019 साली ओम्नी बंद झाली. 2010 साली आलेली ईको आता तिचे काम करते. जुन्या ओम्नी मात्र अजून गावोगाव धावताना दिसतात.

गाडी घरी आली की पहिली फेरी गॅरेजकडे होते. कोणी मागची सीट काढून दुधाचे कॅन ठेवतो, कोणी टपावर टोमॅटोचे क्रेट रचतो, कोणी जादा बाकडे ठोकून शाळेची मुले बसवतो. येथे थांबून विचार करावा. व्हॅन उंच आणि अंगाने अरुंद. टपावर ओझे चढले की वळणावर ती कलंडायला वेळ लागत नाही. ओम्नीला तर पुढे बॉनेटही नाही. समोरून धडक बसली, तर पहिला मार चालवणाऱ्याच्या पायांवर येतो.

सर्वांत वाईट खोड म्हणजे घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत भरणे. जरा गळती झाली आणि ठिणगी पडली, तर आतल्या माणसांना बाहेर पडायलाही सवड मिळत नाही. गॅसवर गाडी चालवायची असेल, तर कंपनीची सी.एन.जी. गाडी घ्यावी किंवा मान्यताप्राप्त किट बसवून आर.सी. बुकात त्याची नोंद करावी.

मोटार वाहन कायदा 1988 सालचा आहे. त्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करता येत नाही. सीट कव्हर, रबरी मॅट, कॅनखाली ताडपत्री एवढे खुशाल करा. सीटची संख्या किंवा इंधन बदलायचे असेल, तर आधी आर.टी.ओ.ला विचारा. तसेच पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीने वडाप करू नये, भाड्याने माणसे नेण्यास परवाना लागतो. अपघात झाल्यावर विमा कंपनी कागद पाहते आणि कागद चुकीचा निघाला, तर भरपाई अडू शकते. चार पैशांच्या भाड्यापायी जमीन विकायची पाळी येऊ नये.

आता घेण्या-न घेण्याचा हिशेब. समजा, व्याज धरून गाडी 7 लाखांना पडली आणि 10 वर्षांनी दीड लाखाला विकली. म्हणजे वर्षाला 55 हजारांची झीज. विमा, दुरुस्ती, टायर यांचे 25 हजार धरा. एकूण 80 हजार रुपये गाडी जागेवरून न हलताच गेले. एका खेपेचे पेट्रोल 420 रुपये आणि गावातल्या गाडीचे पेट्रोलसह भाडे 1500 रुपये धरले, तर प्रत्येक खेपेला 1080 रुपये वाचतात. म्हणजे वर्षात साधारण 75 दिवस काम असेल, तरच गाडी भाड्याच्या बरोबरीला येते. रोज दूध घालणाऱ्याला ती परवडेल. लग्नसराई, जत्रा आणि चार बाजारांपुरती हवी असेल, तर भाड्याचीच बरी. शेजारच्या दोन घरांनी खर्च वाटून घेतला, तरी गणित बदलते. आकडे मात्र आपल्या गावचे घाला.

जुनी गाडी घेताना मॅट उचलून तळाचा पत्रा गंजला आहे का पाहा. चासी नंबर बुकाशी ताडून घ्या. बुकावर कर्जाचा बोजा आहे का, नोंदणीची 15 वर्षे कधी भरतात, तेही पाहा. व्यवहार होताच गाडी आपल्या नावावर करून घ्या.

आणि मंडळी, एक सोपी युक्ती. आजपासून तीन महिने घरातल्या गृहिणीच्या हाती एक वही द्या. गाडीची खरी गरज पडली, तो दिवस तिने लिहावा. मग चौघांनी बसून ती वही वाचावी. गाडी घ्यायची की नाही, ते त्या वहीतच दिसेल.