पहिली बासरी घेताना

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. कळंब परिसरातील अनेक मुलांच्या हाती पहिली बासरी येते ती अशाच एखाद्या यात्रेतून. उंच काठीला खोचलेल्या रंगीत बासऱ्या घेऊन फिरणारा विक्रेता एखाद्या चित्रपटगीताची ओळ अशी सुरेख वाजवतो, की मूल हट्ट धरते आणि वडील खिशात हात घालतात. घरी आल्यावर मात्र त्या नळीतून सुराऐवजी नुसती हवा निघते. पंधरवड्यात बासरी माळ्यावर जाते आणि ‘आपल्या घरात कुणाला संगीताचे अंग नाही’ असा निवाडा होऊन बसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाविषयी घरात उच्चारलेला असा निवाडा पुष्कळदा जन्मभर टिकतो. वास्तविक दोष मुलाचा नसून त्या बांबूचा असण्याचा संभव अधिक.

‘शिकायलाच तर घ्यायची आहे, साधी चालेल’ हा समज येथे घातक ठरतो. कसलेला वादक बासरी ओठाशी किंचित आत-बाहेर फिरवून, फुंक कमी-अधिक करून बेसूर बासरीकडूनही काम काढून घेतो. यात्रेतला विक्रेता करतो ते हेच. नवशिक्याजवळ ना ते ओठ, ना तो कान. त्याला समोरच्या बासरीचाच सूर खरा वाटतो आणि तो चुकीचा असेल तर कान त्याच चुकीला सरावतो. म्हणून भारी नसली तरी सुरात चोख अशी बासरी जाणत्यापेक्षा नवशिक्यालाच अधिक हवी.

व्यापारी घराला पारख शिकवावी लागत नाही. आडतीवर सोयाबीन घेताना पोत्यात खोल हात घालून ओलावा अजमावणारा माणूस वरच्या थरावर विश्वास ठेवत नाही. बासरीच्या बाबतीत मात्र तोच माणूस रंग, गोंडा आणि चकाकी पाहून सौदा करतो. कच्च्या, ओलसर बांबूची बासरी आज सुरात असली तरी वाळताना आकसते, वाकते, तडकते. चांगले कारागीर बांबू कित्येक महिने सावलीत मुरवून मगच त्याला तापलेल्या सळईने छिद्रे पाडतात. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे या धंद्याचे जुने गाव. तेथे बासरीसाठी लागणारा बांबू दूर आसामातील सिल्चरकडून येतो. या बांबूची भिंत पातळ असते आणि दोन पेरांमधले अंतर मोठे, त्यामुळे वाजणारी सबंध नळी एकाच कांड्यातून निघते. म्हणून नळीच्या मध्ये गाठ असलेली बासरी सहसा नाकारावी. उघड्या तोंडातून आत पाहत बासरी उजेडासमोर धरावी. केसाएवढी चीर असली तरी तेथून प्रकाशाची रेघ दिसते. पोकळी गोल असावी, फुंकेच्या छिद्राची कड स्वच्छ असावी. ती खरबरीत किंवा जळून पसरलेली असेल तर आवाजात हवेची फरफर राहते.

खरी परीक्षा कानाची. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन बंद केली की षड्ज लागतो आणि सहाही बंद केली की मंद्र पंचम. तीच सहा छिद्रे बंद ठेवून जरा जोराने फुंकले तर मध्य सप्तकातला पंचम येतो. हे दोन पंचम एकमेकांत विरघळले पाहिजेत. वरचा उतरलेला वा चढलेला असेल तर ती बासरी पुढे कधीच सुधारणार नाही. मग तीन छिद्रे बंद ठेवून मध्य आणि तार षड्ज असेच पाहावेत. मोबाइलवर तानपुरा लावून ही तपासणी पाच मिनिटांत होते. मात्र फुंकणारा जाणता हवा. दुकानात जाताना गुरुजींना किंवा भजनी मंडळातल्या एखाद्या वादकाला सोबत नेण्याचा संकोच करू नये. बासरी घरपोच मागवायची असेल, तर सुरात नसल्यास परत घेण्याची अट आधीच ठरवून घ्यावी.

लांबीचा मोह हा दुसरा फसवा प्रकार. मैफलीत दिसणारी लांब, घनगंभीर बासरी पन्नालाल घोष (1911–1960) यांनी रूढ केली. रागसंगीताचा भार पेलावा म्हणून त्यांनी सुमारे 32 इंच लांबीची बासरी घडवली आणि तिला सातवे छिद्रही दिले. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांना ऐकून मुलासाठी तशीच बासरी मागणारे पालक असतात. पण लहान हाताची बोटे त्या छिद्रांवर ताणूनही पोहोचत नाहीत, छिद्र अर्धवट झाकले जाते आणि सूर फाटतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण 18-19 इंचांची, पांढरी 1 ची मध्यम बासरी सोयीची. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना पांढरी 5 ची, सुमारे दोन फुटांची चालते. सातव्या छिद्राची घाई नको. वर्गात एकत्र शिकायचे असेल तर गुरुजींची पट्टी आधी विचारावी, नाहीतर उत्तम बासरीही एकटी पडते. मूल डावखुरे असेल तर चिंता नाही. सहा छिद्रे सरळ रेषेत असल्याने ती दोन्ही बाजूंनी धरता येते. हरिप्रसादजी स्वतः डावीकडेच धरतात.

प्लास्टिकच्या नळीच्या बासरीला नाक मुरडण्याची रीत आहे. ती रास्त नाही. बांबूचे माधुर्य तिच्यात नसते हे खरे, पण नीट बनवलेली असेल तर ती सुरात पक्की राहते आणि हातून पडली तरी तडकत नाही. धसमुसळ्या मुलाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी तिचा विचार अवश्य करावा.

जैन घरांना बासरी सोयीची वाटण्याचे आणखी एक कारण आहे. तबला-ढोलकीला चामडे लागते, हार्मोनियमच्या भात्यातही ते वापरले जाते, जुन्या सतारींच्या घोडीला हाड वा शिंग असे. बासरीला यातले काहीच लागत नाही. तरी एक गोष्ट विचारून घ्यावी. नळी तडकू नये म्हणून तिच्यावर जे धाग्याचे वेढे असतात, ते कोणी रेशमाचे घालतात. सुती किंवा नायलॉनच्या धाग्याची बासरी सहज मिळते आणि मागितली तर बांधूनही देतात. पिशवी चामड्याऐवजी कापडी घ्यावी. बांबूलाही तीच मानवते.

हे वेढे मराठवाड्यात शोभेचे नव्हेत. वैशाखात कळंबला हवा इतकी कोरडी होते की लाकडी दारांच्या फटी रुंदावतात. बांबूची तीच गत. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेली बासरी एका दुपारीत चिरते. कूलरच्या ओल्या झोताजवळही ती ठेवू नये. वाजवून झाल्यावर आतला ओलावा मऊ फडक्याने टिपावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी आतून मोहरीच्या तेलाचे हलके बोट फिरवावे. उन्हाळी दुपारी बासरी तानपुऱ्यापेक्षा चढी वाटली तर लगेच सदोष ठरवू नये. हवा तापली की सूर चढतोच. अशा वेळी पहाटे पुन्हा तपासावी.

बासरी निवडल्यावर पहिल्या आठवड्यात गाण्याचा आग्रह धरू नये. वरची तीन छिद्रे झाकून एकच षड्ज, श्वास पुरेल तितका लांब, रोज दहा मिनिटे. आरंभी चक्कर आल्यासारखे वाटते. तेव्हा थांबावे, पाणी प्यावे. घरातल्यांना ते सूर रटाळ वाटतील. दुकान बंद करून आलेल्या वडिलांनी त्या वेळी दूरदर्शन संचाचा आवाज थोडा कमी केला, तरी मुलाला पुष्कळ मदत होते.