आकडा बरोबर, मोड चुकीचा

परवा ओपीडीत एक आजी मुलाबरोबर आल्या. मधुमेहाच्या जुन्या पेशंट. तहान वाढलेली, रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं. मुलाने वही पुढे केली. ‘डॉक्टर, शुगर तर छान आहे. जेवणानंतर १२६.’ आमच्या लॅबमध्ये मात्र २३० निघाली. घरचं मशीन पिशवीतच होतं, भाच्याने लंडनहून आणलेलं. त्याच्या मेमरीत आकडा होता १२.६. वहीत उतरवताना टिंब गळलं होतं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. ते वेगळ्या मोडमध्ये होतं. भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात मोजतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करायला १८ ने गुणायचं. १२.६ म्हणजे साधारण २२७.

त्याच आठवड्यात वॉर्डात वेगळाच प्रकार. डिस्चार्ज कार्ड टाइप करणारे आमचे निवासी डॉक्टर वैतागले होते, ‘कॉम्प्युटर अक्षरं खातोय!’ मेटफॉर्मिनच्या ओळीत मध्येच ‘जेवणानंतर’ हा शब्द घातला, तर पुढचं ‘दिवसातून दोनदा’ पुसत गेलं. सिस्टरांच्या लक्षात आलं म्हणून बरं. कुणाकडून तरी इन्सर्ट बटण दाबलं गेलं होतं आणि एडिटर ‘ओव्हरराइट’ मोडमध्ये उघडला होता. या मोडमध्ये नवं अक्षर जुन्याला बाजूला सरकवत नाही, त्याच्या जागी बसतं. उपाय सोपा. कंट्रोल आणि झेड दाबून पुसलेलं परत आणायचं, मग इन्सर्ट एकदा दाबायचं.

संगणकवाल्यांना हा त्रास जुनाच. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिलेला ‘व्हीआय’ हा एडिटर उघडतो तोच आज्ञा घेण्याच्या मोडमध्ये. नवखा माणूस लिहू लागतो आणि प्रत्येक अक्षर आज्ञा ठरतं. ‘डी’ दोनदा दाबलं की अख्खी ओळ गायब. आधी ‘आय’ दाबायचं, मग लिहायचं. अडकलात तर एस्केप. ‘कट-कॉपी-पेस्ट’ रुजवणारे लॅरी टेस्लर आयुष्यभर अशा मोडविरुद्ध भांडले. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असं होतं.

एडिटरमध्ये गेलेली ओळ परत आणता येते. चुकीच्या आकड्यावर घेतलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता, की काही ग्लुकोमीटरचं एकक तारीख-वेळ लावताना किंवा मशीन पडल्यावर नकळत बदलू शकतं. आज बरीच मशीन एकाच एककावर कायम केलेली असतात. पण घरातलं जुनं किंवा परदेशातून आलेलं मशीन तसं असेलच असं नाही.

म्हणून घरी एवढं करा. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत एकक असतं, ते आधी वाचा. आकड्यात टिंब दिसलं तर थांबा. आपल्याकडच्या एककात टिंब नसतं. सेल बदलल्यावर, तारीख लावल्यावर किंवा मशीन पडल्यावर एकक पुन्हा पाहा. वहीत आकड्याबरोबर एककही लिहा. डिजिटल थर्मामीटरचंही तसंच. त्यावर ३९ दिसलं तर ते सेल्सिअस आहे, म्हणजे १०२ ताप.

आणि आकडा चांगला असूनही आजींसारखी तहान, थकवा, वारंवार लघवी असेल, किंवा घाम येऊन हातपाय थरथरत असतील, तर आकड्यावर विसंबू नका. फोनवर आकडा सांगून डोस बदलून घेऊ नका. दवाखान्यात या आणि येताना नुसती वही नको, मशीनही आणा.