एका खलनायकात किती माणसं?

'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर पाहिलाय ना? काळं शिरस्त्राण, काळा मुखवटा, पायघोळ काळा झगा. आणि तो श्वास! खूऽऽऽ... हाऽऽऽ... १९७७ साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि त्याचा नुसता श्वास ऐकून लोक आजही दचकतात. पण गंमत माहितीये? व्हेडर हा एक नट नाहीच. अनेकांनी मिळून तो उभा केलाय.

अंगापिंडाने तो होता डेव्हिड प्राउज, ब्रिटनचा वेटलिफ्टर, उंची साडेसहा फूट. चित्रीकरणात सगळे संवाद त्यानेच म्हटले. पण दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना आवाज हवा होता आणखी खर्जातला. तो दिला अमेरिकेतल्या जेम्स अर्ल जोन्स यांनी.

खर्जातल्या आवाजाची भीती का वाटते? गळ्यावर बोटं ठेवा आणि 'आऽऽ' म्हणा. आधी अगदी बारीक आवाजात, मग जमेल तितक्या जाड. बोटांना थरथर जाणवली? ते तुमचे स्वरतंतू. मोठ्या पुरुषाचे बोलताना सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, मुलांचे त्याच्या दुपटीहून जास्त. तंतू जितके लांब आणि जाड, तितका कंप संथ आणि आवाज खोल. मोठ्या प्राण्यांचे आवाज बहुधा असेच खोल असतात. म्हणून खर्ज ऐकला की मनाला वाटतं, समोर कुणीतरी भलंमोठं आहे! डोळ्यांनी काही दिसायच्या आधीच कान घाबरतात, हे मला फार अद्भुत वाटतं.

आणि हे ऐका. जोन्स लहानपणी तोतरे बोलत. इतके, की कित्येक वर्षं ते जवळजवळ गप्पच राहिले. मग शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांना वर्गासमोर कविता मोठ्याने म्हणायला लावल्या आणि हळूहळू जीभ सुटली. पुढे १९९४च्या 'द लायन किंग'मधला प्रेमळ मुफासा त्याच गळ्यातून बोलला.

श्वास मात्र जोन्स यांचाही नाही. तो ध्वनितज्ज्ञ बेन बर्ट यांचा. पाणबुडे तोंडात एक उपकरण धरतात. श्वास ओढला की त्यातली झडप उघडते, नळकांड्यातली हवा आत येते. ओढणं थांबलं की झडप बंद. बर्ट यांनी त्यातून श्वास घेतला आणि चिमुकल्या मायक्रोफोनने तो टिपला. आपण चिडलो, घाबरलो की आपला श्वास भरभर चालतो, भुवया आक्रसतात नाहीतर वर जातात. व्हेडरचा चेहरा झाकलेला, श्वास बहुतेक वेळ एकाच लयीत. मग तो रागावलाय की शांत आहे, ओळखायचं कशावरून?

पुढच्या दोन चित्रपटांतल्या तलवारबाजीसाठी त्या पोशाखात शिरले बॉब अँडरसन, १९५२च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले तलवारपटू. आणि १९८३ साली मुखवटा उतरला तेव्हा दिसला सेबॅस्टियन शॉ यांचा चेहरा. तो कुठल्या क्षणी दिसतो, ते सांगणार नाही. तुम्हीच बघा!

प्राउजचं काय झालं? ब्रिटनच्या टीव्हीवर तो पांढऱ्या-हिरव्या पोशाखातला 'ग्रीन क्रॉस मॅन' होता. कुणी मूल न बघता रस्त्यावर धावलं की हा साडेसहा फुटी माणूस प्रकट व्हायचा आणि शिकवायचा: थांब, दोन्हीकडे बघ, कान दे, मगच रस्ता ओलांड.