गेंड्याचे तीन सेन्सर : गंध, श्रवण आणि दृष्टी



कोणताही सेन्सर निवडताना आपण तीन प्रश्न विचारतो. त्याचा पल्ला किती? त्यावरून दिशा कळते का? आणि तो कोणत्या परिस्थितीत निकामी ठरतो? या टिपणात हेच प्रश्न आपण गेंड्याच्या ज्ञानेंद्रियांना लावून पाहू. ‘गेंड्याला दिसत नाही, म्हणून तो अंगावर धावून येतो’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धवट आहे. जंगलात पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाने त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

भारतीय एकशिंगी गेंड्याचे सर्वांत मोठे वसतिस्थान म्हणजे आसाममधील काझीरंगा. २०२२ च्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे आढळले. तेथील हत्ती-गवत माणसाच्या डोक्यावरून जाते. अशा गवतात डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी फार दूरचे दिसत नाही. वास आणि आवाज मात्र गवतातूनही पोहोचतात.

१. गंध

गेंड्याचा मुख्य सेन्सर म्हणजे नाक. गंधाचा मोठा फायदा असा, की पाठवणारा निघून गेला तरी संदेश जागेवर राहतो. अनेक गेंडे ठरावीक जागीच विष्ठा टाकतात आणि तेथे मोठे ढीग साचतात. दक्षिण आफ्रिकेतील पांढऱ्या गेंड्यांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेच्या वासावरून प्राण्याचे लिंग, वय, नर हद्द राखणारा आहे का आणि मादी माजावर आहे का, हे ओळखता येते, असे त्यात दिसून आले. म्हणजे हा ढीग एक प्रकारचा सूचनाफलकच आहे. आपल्याकडील एकशिंगी गेंड्याच्या पायांतही गंधग्रंथी असतात. त्यामुळे तो चालतो त्या वाटेवरही त्याचा वास राहतो.

मर्यादा : गंध वाऱ्यावर अवलंबून असतो. वारा तुमच्याकडून गेंड्याकडे वाहत असेल तर तुम्ही दिसण्याआधीच त्याला कळता. वारा उलट असेल तर या सेन्सरला काहीच सिग्नल मिळत नाही.

२. श्रवण

गेंड्याचे कान नळीसारखे असतात आणि प्रत्येक कान स्वतंत्रपणे वळतो. एक कान पुढे आणि दुसरा मागे, असे त्याला एकाच वेळी करता येते. दिशा शोधणारे दोन मायक्रोफोन डोक्यावर बसवले आहेत असे समजा.

मर्यादा : आवाज झाला तरच सिग्नल मिळतो. शिवाय वाऱ्याने गवत सळसळत असेल तर हलक्या पावलांचा आवाज त्या गोंगाटात बुडतो.

३. दृष्टी

येथे थोडे गणित करू. २००८ मध्ये संशोधकांनी काळ्या गेंड्याच्या दृष्टिपटलावरील चेतापेशींची घनता मोजली आणि त्यावरून नजरेची क्षमता काढली. दृष्टिकोनाच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या किती जोड्या वेगळ्या ओळखता येतात, हे त्याचे माप. गेंड्यासाठी हा आकडा ६ आला. माणसाचा सुमारे ६०, मांजराचा ९ आणि सशाचा ६ आहे.

एका जोडीत दोन पट्ट्या असतात. म्हणून गेंड्याला ओळखता येणारी सर्वांत अरुंद पट्टी १/१२ अंशाची, म्हणजे सुमारे ०.००१४५ रेडियनची.

२०० मीटर × ०.००१४५ = ०.२९ मीटर

याचा अर्थ, पार्श्वभूमी योग्य असेल तर ३० सेंटिमीटर रुंदीचा माणूस गेंड्याला सुमारे २०० मीटरवरून वेगळा दिसू शकतो. नजर आपल्या एक दशांश आहे हे खरे, पण याला आंधळेपणा म्हणता येत नाही.

४. दिसू शकणे आणि लक्षात येणे

मग गेंडा जवळच्या माणसाकडेही दुर्लक्ष का करतो? कारण रिझोल्यूशन आणि शोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्यात चित्र स्पष्ट आले म्हणून त्यातली वस्तू हेरली गेली असे होत नाही.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिण आफ्रिकेतील एक प्रयोग पाहा. एक संशोधक आडव्या वाऱ्यातून, म्हणजे आपला वास पोहोचणार नाही अशा बेताने, काळ्या गेंड्यांकडे चालत गेला. एकट्या गेंड्यांनी त्याला फक्त २३ टक्के वेळा हेरले आणि तेही सरासरी २७ मीटरवर. ज्यांच्या पाठीवर लाल चोचीचे ऑक्सपेकर पक्षी होते, त्यांना पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकेमुळे माणूस सरासरी ६१ मीटरवरच कळला. विशेष म्हणजे हाक ऐकताच गेंडे बहुतेक वेळा वारा ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिशेचा वास त्यांना येऊच शकत नाही. नाक जेथे निकामी, तेथे त्यांनी डोळे लावले! ऑक्सपेकर भारतात नसतो. काझीरंगातील गेंड्यांवर मैना बसतात, पण हा निष्कर्ष परस्पर त्यांना लावू नये.

५. हे का महत्त्वाचे?

गेंड्याचा धावण्याचा वेग ताशी ४० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर धरा. २७ मीटर अंतर तो अडीच सेकंदांत कापतो, ६१ मीटरला साडेपाच सेकंद लागतात. आधी कळले तर बाजूला व्हायला त्यालाही वेळ मिळतो आणि माणसालाही. उशिरा कळले तर दोघेही दचकतात. म्हणून वारा समोरून तोंडावर येत असेल तेव्हा वनरक्षकाने अधिक सावध राहावे. गेंड्याला आपली चाहूल लागलेली नाही असे धरूनच चालावे. शिकारी याच आंधळ्या कोनाचा फायदा घेऊ शकतो, हेही विसरू नये.

सारांश

गंध दूरचे सांगतो, पण वाऱ्याच्या मर्जीने. श्रवण दिशा सांगते, पण आवाज झाला तर. दृष्टी या दोघांनी दिलेल्या सूचनेची खातरजमा करते. कोणता सेन्सर केव्हा गप्प असतो हे समजले, की गेंड्याचे वागणे समजते.

स्वाध्याय

१. मांजराचा आकडा ९ धरून, ३० सेंटिमीटर रुंदीची वस्तू त्याला किती अंतरावरून वेगळी दिसेल ते काढा. (उत्तर : सुमारे ३१० मीटर)

२. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत आहे. गेंड्याचे नाक कोणत्या बाजूला निरुपयोगी ठरेल? (उत्तर : पूर्वेला)